दोन चुलींची खोपी

आमच्या गावाच्या डोंगरावर कुरण होतं आणि कुरणाच्या वरच्या अंगाला राखणदारांची खोपी होती. खोपी म्हणजे नुसत्या दगडावर दगड रचलेल्या चार भिंती, वर पत्रा, आणि वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून पत्र्यावर पुन्हा दगड. तिथं बैलगाडी जात नसे, सायकल जात नसे. पायवाटेनं माणूस धापा टाकत जाई आणि शेळी आवडीनं जाई. शेळीच्या या आवडीमुळंच राखणदार ठेवावा लागे.

कुरण गावच्या सोसायटीचं होतं. सोसायटीला चेअरमन होता, शिक्का होता आणि एकच नियम होता, तो मात्र सगळ्या गावाला पाठ. गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. बी पडायच्या आत गवत कापलं तर पुढच्या साली डोंगर बोडका. बी पडलं की सोसायटी कुरण मोकळं करायची आणि ज्याच्या दावणीला जेवढी जनावरं, तेवढा त्याचा वाटा. साधा हिशोब. चांगल्या पावसाच्या साली त्याच्याकडं कुणी फारसं लक्षही देत नसे. पण ज्या सालचं मी सांगतोय त्या साली पावसानं दडी मारली होती, ज्वारी गुडघ्याएवढीही झाली नव्हती आणि जनावरांची सरकारी चारा छावणी उघडणार, उघडणार असं गेवराईपासून वडवणीपर्यंत सगळे म्हणत होते. उघडत कुठंच नव्हती. हिरवं म्हणावं असं आमच्या शिवारात एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे कुरण.

राखणदार निवडायची आमच्या गावाची रीत दुसऱ्या कुठल्या गावात मी पाहिली नाही. राखणदार दोन. आणि दोघं अशा घरांतले, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. दोन मित्र ठेवले की ते संगनमतानं गवत विकतात, असा गावाला जुना अनुभव होता. दोन वैरी ठेवले की एकानं काडी उचलली तरी दुसरा चावडीवर जाऊन बोंब मारतो. पगारी वॉचमनपेक्षा भाऊबंदकी भरवशाची, असं आमचे चेअरमन मिशीत हसत सांगत. माणूस राजकारणातला होता, त्याला भांडणाची किंमत कळत होती.

आमच्या घराचं वैर चुलत घराण्याशी होतं. कारण होतं बांधावरची एक बाभूळ. ती आमच्या आजोबांच्या वेळीच वाळून गेली आणि तिचं सरपणही कुणीतरी तिसऱ्यानंच नेलं. तरी अबोला हिरवागार होता. त्या साली सोसायटीच्या बोर्डानं त्या घरातून माझ्या चुलत्यांना निवडलं आणि आमच्या घरातून मला. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर, लग्न झालेला, कामाला नसलेला. चुलते माझ्या वडिलांच्या वयाचे, अंगानं वाळके, बोलायला कमी. म्हणजे इतरांशी कमी. आमच्याशी तर अजिबातच नाही.

आम्ही वर राहायला गेलो तेव्हा पहिलं काम काय केलं, तर आपापली चूल मांडली. दहा पावलांच्या खोपीत दोन कोपऱ्यांत दोन चुली. सरपण वेगळं, चहाची पातेली वेगळी, भाकरी दोन घरांतून दोन फडक्यांत यायची. पाणी मात्र एकाच झिऱ्याचं होतं आणि तो इतका बारीक की एक कळशी भरेपर्यंत बिडी संपायची. तिथं आम्ही मुकाट्यानं पाळी लावायचो. त्यांची कळशी भरली की ते खाकरायचे, म्हणजे माझी पाळी.

काम असं की बोलल्यावाचून चालायचं नाही. खालच्या अंगाला कुणाची म्हैस शिरली तर सांगणार कसं? मग चुलते कुत्र्याशी बोलायचे. खालच्या वस्तीवरचं एक कुत्रं आपणहून येऊन राहिलं होतं. चुलते त्याच्याकडं बघून म्हणायचे, "खालच्या वगळीला म्हैस आल्याली दिसतीया. कुणीतरी जायला पायजे." मी उठून त्या ओघळीत उतरायचो. परत येऊन मीही कुत्र्यालाच सांगायचो, "वस्तीवरल्या म्हातारीची हुती. हुसकली." कुत्रं दोघांकडं पाहत शेपूट हलवायचं. एवढी गुपितं कळूनही ते कधी कुणाला बोललं नाही.

या जगण्याचा मला कंटाळा आला असं म्हणता येणार नाही. सकाळी कुरणाला एक फेरी, दुपारी सावलीत पडणं, संध्याकाळी पुन्हा फेरी. वारा आला की गवत एका बाजूला झुकायचं आणि त्याचा वास खोपीत यायचा. खाली बघितलं की सगळा मुलूख करपलेला, वडवणीच्या रस्त्यावर एखादा टँकर धूळ उडवत जाताना दिसायचा. मी तेव्हा हे सगळं सिनेमा पाहावा तसं बघत होतो. आमच्या घरी जुन्या कडब्याची गंज शिल्लक होती, बैल तग धरून होते. मला काय, बघायला वेळ होता.

चुलत्यांना नव्हता. हे मला कळलं ते काकू वर आली तेव्हा.

काकू म्हणजे चुलत्यांची बायको. अबोला पुरुषांचा होता. बायका आडावर, जात्यावर सगळं बोलायच्या, आणि त्यामुळंच दोन्ही घरांना एकमेकांची खडानखडा खबर असायची. त्या दिवशी भाकरी घेऊन ती स्वतः आली. चुलते फेरीला गेले होते. ती माझ्यासमोर बसली, पदरानं घाम पुसला आणि गवताकडं बघत राहिली.

"बाबा, आमचा धाकला बैल उठंना झालाय," ती म्हणाली. "सकाळी मी आन् पोरगी शेपटी धरून उठवतो. दसरा झाला की मुकादम येणार हाय बैलं बगायला."

मी म्हणालो, "मग काकांना सांगा की."

"सांगितलं. ते म्हणत्यात, बी पडू दे. बी पडंस्तोवर बैल ऱ्हाईल का?"

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्याकडची निम्मी गावं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला कारखान्यावर जातात. माणसं ठरवून नेणारा मुकादम आधी बैलं बघतो. ज्याची बैलं धडधाकट, तो गाडी घेऊन जातो; बायकोनं तोडलेला ऊस गाडीत भरून तो कारखान्यावर नेतो. ज्याच्याकडं बैलं नाहीत, ते नवराबायको नुसत्या कोयत्यावर जातात. तिथं ट्रक फडात येऊन उभा राहतो, त्याला एक फळी लावतात, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढावं लागतं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत. काकू आदल्या कुठल्या तरी साली, बैलं नव्हती तेव्हा, त्या फळीवरून पडली होती. तेव्हापासून ती वाकून चालायची.

"गाडी हातची गेली तर मला फळी चढावी लागंल," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. "तेवढा एक भारा मिळाला तर बैल उभा ऱ्हाईल. मुकादमानं बगेपर्यंत उभा ऱ्हायला तरी लई झालं. ते तुमच्या देखत न्हेनार न्हाईत. तुमी आसल्यावर तर न्हाईच."

मला उमगायला वेळ लागला नाही. तिला गवत मागायचं नव्हतं. मी तिथं नसावं, एवढंच मागायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वडवणीचा बाजार होता. मी कुत्र्याला मोठ्यानं म्हणालो, "आज मी बाजारला जाणार हाय. दिवस बुडंस्तोवर येत न्हाई." चुलते चुलीत फुंकर घालत होते, त्यांनी मान वर केली नाही. खाली उतरताना गावाबाहेर काकू दिसली. तिच्या खांद्यावर दोरखंड होता आणि पदराखाली विळा. आम्ही एकमेकांकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

बाजारात मला काहीही घ्यायचं नव्हतं. दोन-तीनदा चहा प्यालो. गुरांच्या बाजूला गेलो तर जनावरं विकायला आणणारे ढीगभर, घेणारा एखाददुसरा, तोही तोंड फिरवून बोलणारा. मी स्वतःवर खूश होतो. खोटं कशाला सांगू, आपण फार मोठं काहीतरी केलं असं मला वाटत होतं. पिढ्यांचं वैर मी एका दिवसाच्या बाजारात मिटवून आलो, अशा ऐटीत मी डोंगर चढलो.

वर आलो तेव्हा दिवस कलला होता. गवत होतं तसं उभं होतं. मी वरच्या अंगाला पाहिलं, वगळीकडं पाहिलं. कुठं विळा लागल्याची खूण नाही. खोपीच्या दाराशी काकूचा दोरखंड पडला होता. ती तो तिथंच टाकून गेली होती. चुलते उंबऱ्यावर बसले होते. कुत्रं त्यांच्या पायाशी होतं, पण ते कुत्र्याकडं बघत नव्हते.

"कुठं गेलतास बे?" ते म्हणाले.

माझ्या जन्मात त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी इतका गडबडलो की खरं तेच बोललो. "बाजारला."

"कशापायी?"

मी दाराशी पडलेल्या दोरखंडाकडं बघितलं.

"मला गवत न्ह्यायचं आसतं तर तुझ्या तोंडावर न्हेलं आसतं. जा म्हणलं आसतं, सांग चावडीवर. तू पाठ फिरवल्यावर न्हेऊ का? उद्या तुझा बाप पारावर बसून काय सांगंल? आमच्या पोरानं डोळं झाकलं म्हणून ह्यांची बैलं जगली. आसं जगवायची न्हाईत मला बैलं."

"मी कुणाला सांगितलं नसतं, काका."

"तुला म्हाईत आसतं की," ते म्हणाले. मग उठून त्यांनी आपली चूल पेटवली.

मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. राग आला होता. त्यांचाही आणि बाभळीचाही. चेअरमनचा सगळ्यात जास्त, कारण त्याचा हिशोब तंतोतंत बरोबर निघाला होता. आमच्या दोन घरांत बोलणं-चालणं असतं तर त्यांनी मला सरळ म्हटलं असतं, एक भारा नेतो रे, आणि मी म्हटलं असतं, दोन न्या. आमच्या भांडणानं गवत राखलं. बैल नाही राखला.

तो बैल मुकादम यायच्या आधीच बसला आणि उठला नाही. राहिलेला एकटा बैल घेऊन गाडी जुंपता येत नाही, म्हणून तो विकून टाकला. चुलते बैल विकायला खाली गेले त्या दिवशी दिवसभर कुरणात मी एकटा होतो. ते परत आले, कळशी घेऊन झिऱ्यावर गेले. ती भरल्यावर खाकरले. त्यांची पाळी झाली होती.

मग माणसांना ऊसतोडीला न्यायला ट्रक आले. माणसं, पेट्या, पातेली, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं एकावर एक चढत होतं. मी मुद्दाम खाली उतरलो होतो. वडीलही पारावर उभे होते. काकूला वर चढायला जमेना, तेव्हा आतून दोघींनी तिला हात दिला. चुलते ट्रकमध्ये मागच्या फळक्याला टेकून उभे होते. ट्रक सुरू झाला तसं ते सगळ्या गावासमोर माझ्याकडं बघून ओरडले, "आता एकटा हायेस. वगळीकडं ध्यान ठीव. अजून आठ-पंधरा दिस बी पडत न्हाई."

"हो काका," मी म्हणालो. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं.

बी पडलं. कुरण मोकळं झालं. गाव विळे घेऊन डोंगरावर चढलं आणि सोसायटीनं दावणीला जनावरं बघून वाटा दिला. चुलत्यांच्या दावणीला काही नव्हतं, म्हणून वाटाही नव्हता. नियम नियमासारखा चालला. तक्रार करायला जागा नव्हती, आणि करणारा कारखान्यावर होता.

आमचं गवत घरी आलं तेव्हा वडील बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "यंदा बैल तरले."

"काकांनी तारले," मी म्हणालो.

त्यांचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. मग त्यांनी विचारलं, "ट्रक कुठल्या कारखान्यावर गेला म्हणं?" मी सांगितलं. ते आत गेले. मी तिथंच उभा राहिलो. त्या वेळी काकू कुठल्या तरी फडात मोळी घेऊन फळी चढत असणार, आणि इथं आमच्या गव्हाणीत तिच्या बैलांचं गवत पडलं होतं. मला ते बघवेना. पेंढी परत ओढून काढावी म्हणून मी हात घातला. पण बैलांनी तोंड घातलं होतं.