डोंगराचा फेरा

ही गोष्ट मी सहा वर्षं पोटात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. महादेवाच्या देवळात गेलो तरी बाहेरूनच हात जोडायचो. आत जायला तोंड नव्हतं.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डाव्याने आधीच धूसर दिसायचं. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पालथं झोपून राहायचं होतं. दृष्टी राहावी म्हणून त्यांनी महादेवाच्या पोथीच्या सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प केला, आणि वाचायचं मी! माझं सगळं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून. घरात मराठी बोलतो, पण ओव्या वाचायच्या म्हणजे अनवाणी खडीवरून चालणं. दोन दिवस कसेबसे निभावले. तिसऱ्या दिवशी दर ओळीला अडखळू लागलो, घाम फुटला, आणि मी एक पाप केलं.

त्या दिवसांत मी एक इंग्रजी अद्भुत कादंबरी वाचत होतो. त्यात एक पवित्र पांढरा डोंगर. एक योद्धा मुलगी मेलेल्या भावाला देवाचं दर्शन घडावं म्हणून त्याची राख घेऊन शिखराकडे निघते. वाट मात्र तिला वर नेतच नाही, नुसती भोवती फिरवते. ते पुस्तक पोथीत धरलं आणि पोथीच्या चालीत मराठीतून सांगू लागलो. डोंगराचा कैलास केला, मुलीची शिवभक्त राजकन्या.

अण्णा उशीत तोंड घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "कैलासावर कुणी चढत नसतं रे. फेराच घालायचा."

थाप खपली, म्हणून मला हायसं वाटलं. रोज वाचन संपल्यावर त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहायचे. जप चालला असेल, असं मी धरून चाललो. सातव्या दिवशी कादंबरी अर्धीच राहिली. घाईने आरती उरकली.

उजवा डोळा गेलाच.  मागच्या वर्षी अण्णा वारले, तेव्हा खांदा देतानाही मनात एकच होतं: यांचा डोळा मी घालवला.

यंदा पोथीची शिवण सुटली, म्हणून हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे नेली. लाल फडकं सोडून पहिल्या पानावरचं अण्णांचं नाव वाचताच त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ये तो मेरीच बांधी हुई है. तुम अण्णासाब के बेटे? पहाड़वाले?"

"कौनसा पहाड़?"

"अरे वोच! लड़की चढ़ने जाती, पहाड़ उसकू गोल घुमाता. अण्णासाब हँस हँस के सुनाए मेरेकू. बोले, पोथी मेरेकू पूरी जबानी याद, और बेटा समझा मैं पैचाना नईं!"

मी तिथल्याच पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसलो. "गुस्सा नईं हुए?"

"कैकू? जो तुम छोड़े, वो उनो मन में बोल लेते थे. पारायण तो पूरा हुआ." त्यांनी खळीत ब्रश बुडवला. "आँख गई सो गई, बोले. बेटा सात दिन पास बैठा."

मी रडलो. भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी रडू दिलं, मग हळूच विचारलं, "पर आखिर में उस लड़की का क्या हुआ? उनकू भी मालूम नईं था. तुम शरमाते बोलके उनो तुमकू पूछे नईं."

कादंबरी मी नंतर पूर्ण वाचली होती, तिचा शेवट सांगितला. मुलगी थकते, चढायचा हट्ट सोडते, राख वाऱ्यावर सोडून देते. खाली बघते तर स्वतःचीच पहिली पावलं. फेरा पूर्ण झालेला. भावासाठी मागायचं ते दर्शन वाटेतच घडून गेलेलं.

"बस, इत्ताच?" म्हातारा हसला. "ये तो अण्णासाब पैलेच बोल दिए थे!"

आता रोज सकाळी महादेवापुढे पोथी उघडून बसतो. अजून अडखळतो, पण लपवत नाही. ऐकणाऱ्याला सगळी पोथी पाठ आहे, आणि मी कुठे चुकणार तेही. माझ्याकडून राहील ते तो भरून घेतो. आपण जवळ बसावं, एवढंच त्याचं मागणं असावं.