खडूचे गोल

केशोरीच्या जंगलाकडच्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. जुन्या कोरीव दगडांच्या नोंदी करत मी हिंडत होतो, तेव्हा तोच मला त्या कातळापाशी घेऊन गेला. कुणा पूर्वजाने त्यात सात खळगे कोरले होते. थेट सप्तर्षी!

म्हाताऱ्याने काडीने आधी चार दाखवले. “हे म्हातारीची खाट होय. अन् हे तीन चोर, खाट नेऊन राहिले.” बोलता बोलता तो खळग्यांतला पाचोळा बोटाने काढत होता, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.

फोटोसाठी मी प्रत्येक खळग्याभोवती खडूने गोल काढला. फोटो उत्तम आला. गोल पुसायचे राहिले.

महिन्याने गेलो तर तिथे नुसती खडी होती. रस्त्याच्या कामावरच्या माणसांना ते गोल सुरुंगासाठी भोकं पाडायच्या खुणा वाटल्या होत्या. म्हातारा एकेक तुकडा उलटून पाहत होता.

“बाबा, तुम्ही अडवलं का नाही त्यांना?”

त्याने मान वर केली नाही.

“कायले अडवू? मले वाटलं तुमीच धाडले. खूण तं तुमचीच होती.”