द्वारका पाणी मोजते

जेवून आडवा झालोय. ‘टिटवी’च्या पोटात, उशीजवळच्या फळीला कान लावून. बाहेर ऊन कडक आहे आणि फळीच्या पलीकडे खाडीचं पाणी चढतंय. ओहोटीचं पाणी खळखळतं, भरतीचं नुसतं चाटत जातं. आत्ता चाटतंय. माझे डोळे जड होतायत. मला तेच हवंय.

‘टिटवी’ म्हणजे आमचा शिडाचा मचवा. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. रिटायर झाल्यावर मी आणि माझी बायको द्वारका, आम्ही दोघांनी हा जुना मचवा घेतला, फळ्या बदलल्या आणि घराला कुलूप लावून इथेच राहायला आलो. लोक म्हणाले, म्हातारपणी हे काय? द्वारका म्हणाली, तरुणपणी यांना रजा कुठे मिळत होती! मग आम्ही जिथे रस्ता जात नाही अशा खाड्या बघत फिरलो. कांदळवनात मुक्काम केला, खडकावरची कालवं फोडून खाल्ली, पाणमांजरांची पिल्लं बघितली.

द्वारकाला जाऊन दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून मी या एकाच खाडीत आहे.

खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आहे. त्याला आम्ही मुख म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ऐन दुपारी, त्यावरून टिटवी जाईल इतकं पाणी येतं. रात्रीच्या भरतीला वाळूवरून जायची माझी छाती नाही. दुपारी जायचो तेव्हा द्वारका पुढे उभी राहायची, बांबू पाण्यात घालून तळ बघायची आणि ओरडायची, “दोन हात! दीड हात! उजवीकडे घ्या!” मी मागे सुकाणूवर. आमची रीत ती. आता पुढे कोणी नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत मी लवकर जेवतो आणि झोपतो. उठेपर्यंत पाणी उतरलेलं असतं आणि काही ठरवावं लागत नाही.

सकाळी बशीर येऊन गेला. तो पलीकडच्या काठावर तरीची होडी चालवतो.

“तात्या, आज शेवटची मोठी भरती हां. उद्यापासून पाणी कमी. निघणार काय?”

“बघू.”

“तुमचा ‘बघू’ म्हणजे झोपणार,” तो म्हणाला आणि वल्ही मारत गेला.

तर मी झोपतोय. पाणी चाटतंय. फळीवर पलीकडून कोणीतरी बोटाने वाजवतंय.

“अहो, निजलात?”

“निजलोय.”

“निजलेला माणूस बोलतो होय? उठा. पाणी आलंय.”

मी वर येतो. द्वारका पुढे उभी आहे. पदर खोचलेला, हातात बांबू, आणि उन्हासाठी डोक्यावर माझी वर्कशॉपची खाकी टोपी. नेहमी घालायची तशीच, उलटी.

“कधी आलीस?”

“आत्ताच. बशीरच्या होडीतून.”

“तो काही म्हणाला?”

“त्याला मी कुठे दिसतेय! म्हणाला, आज होडीला वजनच लागत नाही. जन्मभर कोणीतरी असं म्हणेल म्हणून वाट बघितली हो मी.”

मला हसू येतं. “चहा टाकू?”

“चहा राहू दे. नांगर उचला.”

“पाठ दुखते माझी.”

“दुखेल नाही तर काय! झोपा काढून काढून दुखतेय ती.”

मी दोर ओढतो. तो सहज येतो, जणू खाली काही बांधलेलंच नाही. ती माझ्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघते. टिटवी चालायला लागते.

दोन्ही काठांची कांदळं जवळ येतात, आणखी जवळ, आणि ती कांदळं नाहीतच, लाल गाड्या आहेत. आम्ही वर्कशॉपमध्ये आहोत. गाड्यांखाली उतरून काम करायचे पिट पाण्याने भरलेत. गाड्यांच्या मधून टिटवी संथ चाललीय. एका गाडीत चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या बसल्यात, सीटला दोन-दोन. कंडक्टरच्या जागेवर बसलेली निवटी आमच्याकडे डोळे वटारून बघते.

“अडीच हात!” द्वारका ओरडते.

“जपून, इथे ग्रीस असतं.”

“मला सांगता? तुमचे कपडे कोणी धुतले?”

निवटी घंटीची दोरी ओढते. टण टण. आणि मांडवात पंगत बसलीय. आमच्या लग्नाची पंगत, द्वारकाच्या माहेरच्या अंगणात. टिटवी दोन ओळींच्या मधून जातेय. कोणाला त्याचं काही नाही. वाढपी आमच्या कडेने भात वाढत चाललाय.

“दीड हात! डावीकडे घ्या! अहो डावीकडे, आत्याबाईंचं पान उडवाल!”

आत्याबाई मान वर न करता पान उचलतात, बोट जाऊ देतात, पान परत खाली ठेवतात.

“जिलेबी कमी पडली होती,” मी म्हणतो.

“कमी नव्हती पडली. तुमच्या वर्कशॉपवाल्यांनी खाल्ली. माझे बाबा मरेपर्यंत तो विषय काढत राहिले.”

“त्यातल्या सहा मीच खाल्ल्या होत्या.”

“हे मला आज सांगता?”

ती इतकी हसते की बांबू हलतो आणि पंगतीवर पाणी उडतं.

मांडवाच्या मागच्या दारातून पुढे लांब पांढरा बोळ लागतो. दोन्हीकडे दारं. फिनेलचा वास. कोपऱ्यात चाकांची खुर्ची. हा बोळ मला माहीत आहे. सुकाणूवरचा माझा हात थांबतो, आणि बोटही थांबते.

द्वारका वाकून बांबू खाली घालते. सगळा घालते. कोपरापर्यंत हात पाण्यात.

“तळ लागत नाही,” ती म्हणते. “इथे नांगर टाकू नका हो. धरणार नाही.”

“मी इथेच आहे. तेव्हापासून.”

“माहीत आहे मला. चला, वळवा.”

मी वळवतो. वळण कठीण नाही. मला वाटलं होतं कठीण असेल.

बोळ संपतो तिथे समुद्र आहे. ऊन, वारा, डोक्यावर समुद्रगरुड. समोर तो काळा कडा आणि कड्यातली ती फट. दक्षिणेकडे जाताना दर वेळी आम्हाला दिसायची. होडी जेमतेम जाईल एवढं तोंड, आणि आत काहीतरी हिरवं. कोणी आत गेल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. एकदा वारा आडवा आला, एकदा तिला ताप होता. पुढच्या खेपेला जाऊ, असं दर वेळी ठरायचं.

फटीच्या तोंडाशी पाणी पांढरं होतंय. खाली खडक असणार.

“किती हात?” मी विचारतो.

द्वारका बांबू आडवा मांडीवर घेऊन बसलीय.

“अगं, किती हात?”

“तुम्ही सांगा.”

“मागून मला काय दिसणार?”

“इतकी वर्षं दिसत होतं की. मी ‘उजवीकडे’ म्हणायच्या आत तुम्ही सुकाणू वळवलेलं असायचं. पुढे उभं राहिलं की कळतं हो. बोट आधी वळायची, मग मी ओरडायचे.”

“मग ओरडायचीस कशाला?”

“नुसती उभी राहू? आणि तुम्हाला आवडायचं.”

आवडायचं, हे खरं आहे.

पांढऱ्या पाण्याच्या डाव्या अंगाला एक पट्टी गडद आहे, हिरवीगार. तिथून बोट जाईल. मी सुकाणू तिकडे लोटतो. द्वारका बघते आणि मान हलवते, मुलांची बेरीज बरोबर आल्यावर हलवतात तशी.

“आत काय आहे?” मी विचारतो. “तू बघितलंस ना?”

“बघितलं.”

“पाणमांजरं?”

“सांगणार नाही.”

“एवढं तरी सांग, पाणी गोडं आहे का?”

“सांगितलं की तुम्ही म्हणणार, झालं तर मग, आणि परत आडवे होणार. मी ओळखत नाही का तुम्हाला!”

“तू चल ना बरोबर.”

“आले की इथवर.” ती टोपी सरळ करते. पहिल्यांदाच सरळ करते. “बघा, बशीर बोलावतोय. काय आवाज तरी मेल्याचा, रेडा परवडला.”

“तात्याऽऽ!”

“जा. त्याला ओ द्या.”

“तात्याऽऽ! सुकाणू धरा, सुकाणू!”

मी डोळे उघडतो. माझी उशी, माझी फळी. झरोक्यातून काठावरची झाडं दिसतायत आणि ती मागे जातायत.

मी धडपडत वर येतो. टिटवी सुटलीय. भरती नुकतीच फिरलीय आणि खाडीचं पाणी तिला मधोमध घेऊन मुखाकडे निघालंय. पुढे कोणी नाही. नांगर फळ्यांवर पडलाय, दोर त्याच्याभोवती कसाही.

बशीर त्याच्या होडीत उभा राहून हात हलवतोय.

“काय तात्या! निघालात काय?”

परत नांगर टाकायला वेळ आहे. बशीर होडी घेऊन येईल, मदत करेल. मी क्षणभर तसाच उभा राहतो.

“निघालो!” मी ओरडतो.

“कुठे?”

“बघतो जाऊन!”

त्याला आणखी काहीतरी विचारायचंय, पण मी शीड सोडायला धावतो. दोर हातात घेतो तेव्हा लक्षात येतं. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे आहेत. खाडीच्या तळाचा चिखल, ओला, नखांत शिरलेला, त्याचा तो वास. नांगर मीच उचलला असणार. दुसरं कोण उचलणार?

शीड भरतं. मी मागे येऊन सुकाणू धरतो. दांड्यावर चिखलाचा पंजा उमटतो, पाची बोटं स्पष्ट. पुसायला सवड नाही. समोर पाणी पांढरं व्हायला लागलंय आणि त्याच्या डाव्या अंगाला गडद आहे.