भुकेची चौकशी

ह्यांच्या जठराचं ऑपरेशन झाल्यापासून सर्जरी शिकणारी एक मुलगी आपल्या संशोधनासाठी दर महिन्याला फोन करायची. “काका, भूक लागते का?” हे हसायचे. “पोट अर्धं कापलंत, हाव तेवढी ठेवलीत.”

काल तिचा फोन आला, तेव्हा हे गेल्याचं मीच सांगितलं. त्या ऑपरेशनला तीही उभी होती. मला वाटलं, एखाद्याची भूक अशी कितीजणांना ठाऊक असते? आईला, बायकोला, आणि ह्यांच्या बाबतीत या परक्या मुलीला.

“काकू, शेवटी काही खायचे का?” तिने हळूच विचारलं. हा प्रश्न संशोधनासाठी की स्वतःसाठी, कळलं नाही.

“पेजेचे दोन चमचे,” मी म्हणाले. “तेही माझ्यासाठी.”