कासव पहिल्याच चालीत पळतं

नमस्कार मंडळी. मी या ग्रुपवर बरेच दिवस आहे, आणि खरं सांगायचं तर इथले अनुभव मी शुद्धलेखनाच्या चुका काढायला वाचतो. मुद्रितशोधन हा माझा धंदा. भुताचे पाय उलटे होते की सुलटे यापेक्षा लेखकाने ऱ्हस्व-दीर्घाचं काय केलंय याची मला जास्त भीती वाटते. म्हणजे वाटायची. आता हे लिहायला बसण्याआधी मी दाराची कडी दोनदा तपासून आलोय... हसा खुशाल.

आम्ही राहायचो मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडजवळच्या एका जुन्या सोसायटीत. दुसरा मजला. जिना संपला की लांबलचक पॅसेज, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा स्टँड, आणि अगदी टोकाला आमचा फ्लॅट. घरात मी आणि माझी धाकटी बहीण मनीषा. ती शाळेत गणित शिकवते. फावल्या वेळात हातातल्या कन्सोलवर गेम खेळते – तलवारी, जादू, राक्षस, असे.

मनीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचं रक्त बॉम्बे ग्रुपचं आहे. फार थोड्या लोकांत सापडणारं. तिला ओ ग्रुपसुद्धा चालत नाही. दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच लागतं. कुठल्या तरी हॉस्पिटलमधून फोन येतो आणि ही रिक्षा पकडून निघते. तिला स्वतःला कधी रक्त लागलं तर काय, हा विचार मी टाळतो. मी बी पॉझिटिव्ह, म्हणजे बाजारात ढिगाने.

गेल्या उन्हाळ्यात हे आमच्या चेअरमनसाहेबांना कळलं. मोकाशी हा असा माणूस की पाण्याची टाकी धुतली तरी नारळ फोडणार आणि फोटो काढणार. त्यांनी मनीला शाल-श्रीफळ दिलं, पाऊण तास स्वतःबद्दल बोलले, आणि गेटवर फ्लेक्स लावला – ‘दुर्मिळ रक्ताची राणी, आपल्या सोसायटीची शान’. खाली मनीचा फोटो, पूर्ण नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर. चार ओळींत तीन चुका होत्या. पत्ता मात्र अचूक.

त्यानंतर आवाज सुरू झाला.

भर दुपारी. शाळेला सुट्टी असल्यामुळे मनी सोफ्यावर पडून गेम खेळत होती, मी टेबलाशी प्रुफं वाचत होतो. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी चालत होतं. जिन्यापासून आमच्या दारापर्यंत... आणि परत. दार वाजत नव्हतं, बोलणं नव्हतं. मी दार उघडलं. पॅसेज रिकामा. दार लावलं, की पुन्हा चालणं.

‘‘रंगवाले असतील,’’ मी म्हटलं. बिल्डिंगला रंग लागत होता, बाहेरून बांबूची परांची बांधली होती.

‘‘रंगवाले पॅसेजमध्ये शतपावली घालतात होय रे?’’ मनी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

तीही तेच करत होती. तिच्या गेममधला छोटा योद्धा गवताच्या एकाच तुकड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे.

‘‘हरवलायस का?’’

‘‘चांदीचं कासव शोधतेय. हजारदा फिरावं तेव्हा एखाद्या वेळी येतं. मारलं की एका फटक्यात एवढे पॉइंट, की बाकी महिनाभर काही करायला नको. आधी बारीकसारीक किडे येतात, ते साफ करत राहायचं. मग मोठे. मग ते.’’

‘‘एवढी चिकाटी एमपीएससीला दाखवली असतीस तर आज डेप्युटी कलेक्टर असतीस.’’

‘‘गप रे. आणि दिसलं तरी लगेच मारायचं नाही. बिथरतं. आधी आपली माणसं अर्धगोलात उभी करायची, तोंडं त्याच्याकडे. वाट बंद झाली की मग. कासव शहाणं असेल तर पहिल्याच चालीत पळतं. बघत बसलं की संपलं.’’

हे सगळं मी एका कानाने ऐकलं. वाटलं नव्हतं की पुढे शब्द न् शब्द आठवावा लागेल.

त्या आठवड्यात पॅसेजमधल्या पाली दिसेनाशा झाल्या. ट्यूबलाइटखाली कायम दोन-तीन असायच्या. मग मुंग्या. मग डक्टमधली कबुतरं गेली – जाळ्या, काटे, फटाके, कशालाही न बधलेली ती कबुतरं. मोकाशींनी लगेच ‘कबुतरमुक्त सोसायटी’ असा दुसरा फ्लेक्स लावून श्रेय घेतलं. मी त्यावर दोन दिवस हसलो.

मग मजल्यावरची मांजर मेली. गोऱ्यांच्या दारासमोर आडवी पडलेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मनीने तिला उचललं आणि दचकली. ‘‘दादा, हिला वजनच नाहीये रे...’’

चालणं चालूच होतं. रोज दुपारी, त्याच पट्ट्यात.

गोरे काका आमच्या शेजारचे. रिटायर्ड, खणखणीत, रोज संध्याकाळी टिळकांच्या आवेशात महापालिकेला शिव्या घालणारे. एका दुपारी ते पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेले सापडले. पांढरेफटक. शुद्धीवर होते, पण उठता येईना. डॉक्टरांनी उन्हाचा त्रास म्हणून सलाईन लावलं. आम्ही भेटायला गेलो तर काकांनी माझं मनगट धरलं.

‘‘कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं रे. दिसलं काहीच नाही. पण मला बघितलं... नीट, भाजी निवडताना बघतात तसं. आणि हा नाही, असं म्हणून सोडल्यासारखं सोडलं.’’

परतताना मनी रिक्षातून गेटजवळ उतरली, स्वतःच्या फोटोकडे बघत उभी राहिली.

‘‘दादा, आधी पाली, मुंग्या. मग कबुतरं. मग मांजर. मग काका. कुणीतरी पट्टा साफ करतंय. कासव बाहेर यावं म्हणून.’’

‘‘मनी, तू गणिताची बाई आहेस.’’

‘‘म्हणूनच सांगतेय.’’

मी तिथल्या तिथे तो फ्लेक्स फाडला. मोकाशी वरून ओरडले, ‘‘अहो, सोसायटीची प्रॉपर्टी आहे ती!’’ मनीला मावशीकडे विक्रोळीला जायला सांगितलं. ‘‘उद्या जाते,’’ म्हणाली. मी आग्रह धरला नाही, कारण आग्रह धरणं म्हणजे विश्वास ठेवणं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बॅग भरत होती. पावलं जिन्यापासून निघाली, आमच्या दारापर्यंत आली... आणि परत फिरली नाहीत.

घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. मनी बॅगेची चेन अर्धवट धरून उभी. मी दाराकडे निघालो.

‘‘नको,’’ ती ओठांनीच म्हणाली.

पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या चुका बघण्यावर पोट भरलंय त्याला न बघणं जमत नाही. मी दाराच्या भिंगाला डोळा लावला.

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. फक्त चपला होत्या. अख्ख्या मजल्याच्या. गोरे काकांच्या कोल्हापुरी, समोरच्या मुलीचे शाळेचे बूट, कुणाच्या बाथरूमच्या निळ्या स्लीपर, आमच्याही. सगळे स्टँड रिकामे, आणि जोड्यांचा अर्धगोल आमच्या दाराभोवती. नीट लावलेला. तोंडं दाराकडे.

मी बघतच राहिलो. मला हलता येईना. आणि मग त्या अर्धगोलातला मधला एक जोड – जरासा, सावकाश – पुढे सरकला.

मनीने माझी कॉलर मागून ओढली. ‘‘बघत बसू नकोस!’’

स्वयंपाकघराच्या ग्रिलला सुटकेची झडप असते, ती तिने आधीच उघडली होती. ती परांचीवर उतरली. बांबू कुरकुरत होते. खरी भीती मला तिथे वाटली, मागे जे होतं त्याची नाही: ही पडली तर हिला द्यायला रक्त कुठून आणू? तिचा प्रत्येक पाय टेकला की मगच मी माझा उचलत होतो. रंगवाला वरून ओरडत होता, ‘‘ओ मॅडम! ओ साब! लिफ्ट बंद है क्या?’’ आमच्याकडे लिफ्ट नव्हतीच. मागे आमचं दार उघडल्याचा आवाज आला. कडी मी स्वतः लावली होती.

खाली पोचलो आणि थेट विक्रोळी. सामान नंतर मावसभावाने आणलं. त्याला कडी आतून लावलेलीच सापडली, म्हणून त्याला परांचीवरून आत शिरावं लागलं. चपला सगळ्या आपापल्या स्टँडवर होत्या. मोकाशींच्या मते पोरांची मस्ती. गोरे काका आता बरे आहेत. कबुतरं परत आलीत.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. उष्णता, भास, दोघांना एकदम झालेला भ्रम... सगळं मीच माझ्यापुढे मांडून पाहिलंय आणि सगळ्यावर काट मारलीय.

आम्ही आता कुठे राहतो ते लिहीत नाही. पण रक्तासाठी फोन आला की मनी जाते. मी एकदा अडवायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, ‘‘माझ्या भीतीपायी पेशंटने मरायचं का?’’ परवा ती एका बाळंतिणीला रक्त देऊन आली. बाई वाचली. नातेवाइकांनी हात जोडले, पेढे दिले, आणि आभाराची पोस्ट टाकली – फोटो, पूर्ण नाव, एरिया. चांगल्या मनानेच टाकली. आज ती पोस्ट अनोळखी लोकांच्या ग्रुपवर फिरतेय.

आज सकाळपासून ओट्यामागे पाल दिसलेली नाही.

मनीला सांगितलं नव्हतं. आत्ता आतून तिचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा.

‘‘दादा, चपला आत घेतल्यास का रे?’’