रंग पाण्यातला होता

दाजी रंगकामातले पक्के. भिंतीला शेवटचा हात मारताना स्वतः बोलत नसत आणि दुसऱ्याचं बोलणं खपवूनही घेत नसत. मेव्हणा त्यांच्याच हाताखाली शिकला, आता बरोबरीने काम करत होता. तरी त्याने भरलेल्या पुट्टीवरून ते रोज तळहात फिरवत आणि म्हणत, "तुझ्या बहिणीकडे बघून चालवून घेतोय." कौतुकाचा शब्द मेव्हण्याने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

त्या सकाळी एका रिकाम्या घरात छताची कड धरायची होती, म्हणजे छत भिंतीला मिळतं तिथे ब्रशने सरळ रेघ ओढायची होती. पायाखालची फळी सरकली आणि दाजी मागे पडले. उंची ती काय, कमरेएवढी. पण डोकं खिडकीच्या दगडी कठड्यावर आपटलं. क्षणभर डोळे पांढरे झाले. मग उठून बसले आणि आधी ब्रश कुठे पडला ते पाहिलं. उजव्या कानाच्या वर टेंगूळ आलं होतं.

"दाजी, दवाखान्यात जाऊ या."

"रक्त आलंय का? नाही ना? मग फळी नीट लाव."

रंगाऱ्यांची रीतच आहे, पडलेल्याने त्याच दिवशी पुन्हा चढायचं, नाहीतर भीती अंगात मुरते. दाजी चढले. कड धरली, तीही सरळ. मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला.

जेवायला बसले तेव्हा दाजींचं डोकं ठणकत होतं. दोन घास खाल्ले आणि मोरीत जाऊन ओकले. या धंद्यात ओकारीला कुणी भीत नाही. बंद खोलीत तेलरंगाचा, थिनरचा वास चढतो, डोकं धरतं, पोट उलटतं. मेव्हण्याने खिडक्या उघडल्या, गोणपाट अंथरलं.

"वास चढलाय. पडा जरा."

दाजी निमूट आडवे झाले. मेव्हणा रोलर घेऊन भिंतीकडे वळला.

"कड झाली का रे?" मागून आवाज आला.

"झाली. तुम्हीच केलीत."

थोड्या वेळाने पुन्हा, "कड झाली का रे?"

"आज मला मुकादम केलंत वाटतं!" मेव्हणा हसला.

तिसऱ्यांदाही तोच प्रश्न, त्याच सुरात. "झाली," म्हटल्यावर दाजी जड जिभेने म्हणाले, "शाब्बास."

मेव्हण्याचा रोलर थांबला. तेवढ्यात दाजी पडल्यापडल्याच पुन्हा ओकले. तो धावला, त्यांना कुशीवर वळवलं आणि त्याच्या ध्यानात आलं. खोलीत वास नव्हताच. रंग पाण्यातला होता. तेलरंगाचा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

"दाजी! डोळे उघडा!"

मोठ्या कष्टाने उघडले. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी दिसत होती. "माझी बोटं दाबा." उजव्या हाताने दाबली. डावा हात नुसता पडून राहिला.

त्याने रुग्णवाहिका बोलावली, मग बहिणीला फोन लावला.

"ताई, दाजी पडले. डोक्याला लागलंय. मोठ्या दवाखान्यात नेतोय, तू तिकडेच ये."

"बोलतायत ना?"

"बोलतायत. पण..."

"पण काय?"

"मला शाब्बास म्हणाले."

ताई लगेच म्हणाली, "निघाले."

दवाखान्यात मेव्हण्याने काही लपवलं नाही. क्षणभर शुद्ध गेली होती, मग पुन्हा चढले, ओकले, मी झोपवलं. डॉक्टर म्हणाले, कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला जातोय. आधी माणूस ठणठणीत वाटतो, म्हणून फसगत होते. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, तेच तेच विचारणं, उतरत नाही अशी गुंगी, यातलं एक दिसलं तरी थांबू नये. एवढं सांगून ते लगेच शस्त्रक्रियेला गेले.

दाजी शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला पट्ट्या होत्या. ताई चमच्याने पाणी पाजत होती. डाव्या हाताची बोटं हलत होती, पण आळसावल्यासारखी.

"तिकडे काम कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. कुलूप लावलंय," मेव्हणा म्हणाला.

दाजींनी डोळे मिटले. ताईने चमचा ठेवून त्यांचा खांदा हलवला. "अहो! झोपू नका!"

नर्स आली. बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले, नाव विचारलं. दाजींनी ते वैतागून सांगितलं.

"झोपू द्या त्यांना आता. ही साधी झोप आहे," नर्स म्हणाली.

ताईने पदराने डोळे पुसले आणि भिंतीला टेकली. मेव्हण्याने स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि दाजींची छाती वरखाली होताना बघत बसून राहिला.