मास्तरांची वीत

केदारी मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी समोरच्या वस्तूवर वीत टाकायचे. आमच्या वडिवळ्याच्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी तांदळाच्या पोत्यावर बसले होते. अब्बांशी बोलता बोलता त्यांचा उजवा हात फळीवरून अळीसारखा सरकत गेला. "अडीच हात," ते म्हणाले, "म्हंजी पावणेचार फूट. फळी चांगली हाय." अब्बांना वाटलं, हा माणूस फळीच विकत मागतोय. प्रत्यक्षात ते मला मागायला आले होते, शाळेसाठी. पोरीच्या जातीनं शिकून करायचं काय, असं अब्बांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "दुकानात बसली तर मापाला फसायची न्हाई." दुकानदाराला याहून चांगलं उत्तर कोण देणार? दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाऊ लागले.

शाळा चावडीच्या पडवीत भरायची. मास्तर कुसगावचे, शेतकऱ्याच्या घरातले, बिनलग्नाचे. पुस्तक उघडं असेपर्यंत शुद्ध बोलायचे आणि मिटलं की मावळी. कोष्टकं नुसती पाठ म्हटलेली त्यांना खपत नसत. चार शेरांची पायली हे आम्ही खळ्यावर भात ओतून आणि सांडलेला दाणा न् दाणा वेचून शिकलो. एकदा पाटलांची म्हैस शिंगापासून शेपटीपर्यंत मोजायला काढली, आधी फुटांत, मग हातांत, मग वारांत. वारापर्यंत म्हशीला दम निघाला नाही. मास्तर लंगडत परत आले आणि राहिलेला हिशेब घरून करून आणा म्हणाले. कुणी नुसतं बघून उत्तर दिलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "अंदाज सोयऱ्याला सांगायचा, मास्तरला माप सांगायचं." आणि पाटीवर आकडा मांडताना दुसरं, "जेवढं भरलं तेवढंच लिवायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, त्यांची वीत बरोबर नऊ इंच भरायची. दोन विती म्हणजे हात, दोन हात म्हणजे वार, सगळं कोष्टक त्यांच्या पंजात होतं. देवानं मला पट्टी करूनच पाठवलाय, असं ते म्हणत. दरवर्षी शाळा सुरू झाली की पडवीच्या भिंतीवर गेरूनं प्रत्येकाचं नाव आणि वीत लिहायची, सगळ्यांत वर मास्तरांची. मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण पट्टी धरताना माझा हात हलत नसे. आमच्या विती वाढत जायच्या. मी तिसरीत गेले त्या वर्षी मास्तरांची पावणेनऊ भरली. ते हसले, पुन्हा मोज म्हणाले. पुन्हा पावणेनऊच. त्यांनी नऊच्या खाली तेच लिहायला लावलं.

चौथीच्या वर्षी ते म्हणाले, माझी राहू दे, माझी आता काय वाढणार हाय? तोवर त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. खडू ते अंगठा आणि दोन बोटांत धरायचे. एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं त्यांनी चुलीवरून नुसत्या हातानं उचललं आणि शेरानं पाणी मोजून दाखवलं. तळव्यावर फोड आले ते आम्हीच त्यांना दाखवले. त्यांना कळलंच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तपासणीला डिप्टीसाहेब येणार अशी वर्दी आली. आदल्या संध्याकाळी अब्बांनी मला जवळ बसवून घेतलं. "मास्तरला रक्तपिती हाय, पोरी. मला आन् पाटलांना ठाऊक हाय, आमी बोलत न्हाई. भाईर कळलं तर त्यांची नोकरी जाईल, आन् ह्या आडगावात दुसरा मास्तर कोन येतोय? उद्या त्यांच्या हाताकडं बघू नगंस." त्या काळी रक्तपितीवर, म्हणजे महारोगावर, औषध नव्हतं. माणसाला गावाबाहेर घालवायचं, एवढाच उपाय लोकांना माहीत होता.

डिप्टीसाहेब वाईट नव्हते. आमचं मापन बघून खूश झाले, पोरांच्या पाठीवर हात फिरवला. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. मास्तरांच्या नावापुढे नऊ, खाली पावणेनऊ. ते गमतीनं म्हणाले, "मास्तरांची वीत आटत चाललीय की काय? मोजून दाखव बरं, बाळ." मास्तरांनी हात टेबलावर ठेवला. मी पट्टी लावली. करंगळी कुठे पोचतेय ते मला स्वच्छ दिसत होतं.

"नऊ," मी म्हणाले.

आयुष्यात इतक्या सरळ आवाजात मी कधी खोटं बोलले नव्हते. साहेबांनी मान हलवली, ते दप्तराकडे वळणार होते. तिथंच संपलं असतं.

"हमीदा," मास्तर म्हणाले, "पट्टी काय म्हणतीया?"

"नऊच, मास्तर."

"पुन्यांदा बघ. जेवढं भरलं तेवढंच."

त्यांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं सरळ करून पाहिली. सोडली की ती पुन्हा आत वळत. "सव्वासात," मी म्हणाले. "लिव," ते म्हणाले. मी भिंतीवर लिहिलं. साहेबांनी वाकून तो हात पाहिला, मग ते मास्तरांना बाहेर घेऊन गेले.

आठ दिवसांत नोकरी गेल्याचा कागद आला. मास्तर गाव सोडून गेले, त्यांच्यामागे भिंत खरवडून सारवली, आम्हा पोरांना कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. दुसरा मास्तर दोन वर्षं आला नाही आणि माझं शिक्षण चौथीवर थांबलं. मला मास्तरांचा राग आला होता, अजूनही येतो. दीड-दोन इंचांनी कुणाचं काय वाकडं होणार होतं?

पुढच्या वर्षी अब्बांबरोबर मी बैलगाडीतून कुसगावला गेले. शाळेची पट्टी माझ्याकडे राहिली होती, ती द्यावी म्हणून बरोबर घेतली. भावाच्या शेताच्या टोकाला मास्तरांची झोपडी होती. अलीकडे एक दगड मांडलेला होता, त्यावर भाकरी ठेवून घरची माणसं परत फिरत. मी दगडापाशी थांबले, अब्बांनी दिलेली गुळाची पुडी त्यावर ठेवली आणि हाक मारली. ते उंबऱ्यात बसले होते, दोन्ही हात पंचात गुंडाळलेले. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"हमीदा, दगडापासनं माज्या उंबऱ्यापत्तोर किती आसंल?"

"दहा हात."

"अंदाज सोयऱ्याला सांगायचा," ते म्हणाले. "बारा हात हायेत. भावानं ठरवून दिलेत. फूट कर."

"अठरा."

"वार?"

"सहा."

"बरोबर," ते म्हणाले. अब्बांनी गाडीतून हाक मारली. पट्टी माझ्या हातात होती. मी ती गुळाच्या पुडीशेजारी दगडावर ठेवली आणि मागे फिरले.

त्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. पुढे कित्येक वर्षांनी या रोगावर औषध निघालं, आणि क्षणभर जवळ गेल्यानं तो लागत नाही असंही डॉक्टर सांगू लागले. तेव्हापासून तो दगड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बारा हात, अठरा फूट, सहा वार. नुसतं पाठ म्हटलेलं ज्यांना खपत नव्हतं, त्यांना मी ते नुसतं तोंडानं म्हणून दाखवलं. हातात पट्टी असून मोजायला गेले नाही.